मावशींचं चेकअप कधी?

ऑफिसचं अ‍ॅन्युअल चेकअप आपण कुरकुरत का होईना उरकतो. पण आपल्या पोळ्या लाटणाऱ्या, वीकएण्ड होम झाडून ठेवणाऱ्या बाईला तपासणीची तारीख कोण देतं? आणि दिलीच, तर ती पाळणं तिला परवडतं का? दहिवलीतल्या एका स्वयंपाकघरात सुरू झालेली ही गोष्ट परळ आणि बार्शीमार्गे पुन्हा दहिवलीतच येते.

दरवर्षी एचआरची मेल येते. उपाशीपोटी या, पाणी चालेल. कॉन्फरन्स रूममध्ये पडदे लागतात, रक्त दिलं की सॅण्डविच आणि ज्यूस, आणि चार दिवसांनी इनबॉक्समध्ये रिपोर्ट. मी फ्रीलान्सर, त्यामुळे मला एचआर नाही. पण नवऱ्याच्या कंपनीच्या पॅकेजमध्ये बायकोही फ्री! तेव्हा गेल्या वर्षी माझंही चेकअप झालं. रिपोर्टचं प्रिण्टआउट डायनिंग टेबलवर पडलं होतं. पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि विचारलं,

'ताई, एवढं काय तपासलं? काय झालंय तुम्हाला?'

'काही नाही हो मावशी. सगळं नॉर्मल आहे.'

'काही नाही, तर मग तपासायचं कशाला?'

मी हसले. कणकेचा हात धुवत त्याही हसल्या. मग सहज म्हणाल्या, 'आमचं पण केलं होतं मागे, शिबिरात. चिठ्ठी दिलीय. डब्यात आहे.'

ती चिठ्ठी दुसऱ्या दिवशी माझ्या हातात आली. प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेली. त्यावर घाईघाईत इंग्रजीत दोन ओळी खरडलेल्या. गर्भाशयमुखाची तपासणी पॉझिटिव्ह, पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तारीख सात महिन्यांपूर्वीची!

सात महिने ती चिठ्ठी तांदळाच्या डब्यात होती. मावशींना इंग्रजी येत नाही. चिठ्ठी देणाऱ्यांनी 'दाखवून घ्या' एवढंच सांगितलं होतं. काय दाखवायचं, कुठे, कुणाला, याबद्दल कुणी बोललं नव्हतं. दुखत तर काहीच नव्हतं. मग राहिलं.

दुखत नाही, हाच प्रॉब्लेम

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं. ते तुमच्या-माझ्यासाठीही तितकंच कामाचं आहे.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर, म्हणजे आशाताईंच्या भाषेत 'पिशवीच्या तोंडाचा' कॅन्सर, बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू अगदी कॉमन आहे. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. काहींच्यात मात्र ठाण मांडून बसतो आणि तिथल्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. हे किती हळू? साधारण १५ ते २० वर्षं! एवढ्या काळात ना दुखतं, ना रक्त जातं. पण नेमक्या याच काळात बदल दिसला, तर काही मिनिटांच्या उपचारात तो काढून टाकता येतो. म्हणजे कॅन्सर 'लवकर' सापडतो असं नव्हे, तो होण्याआधीच थांबवता येतो. 'काही नाही' तेव्हाच तपासायचं ते यासाठी.

आणि तपासायला फार यंत्रंही लागत नाहीत. पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच आम्ल, गर्भाशयमुखावर लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बदललेला भाग पांढरा दिसतो. या तपासणीला व्हीआयए म्हणतात. पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर झाला, असं अजिबात नाही. नीट बघायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

इतकं सोपं आहे, तर परिस्थिती काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, की गर्भाशयमुखाची तपासणी कधी एकदा तरी केलीय का? 'हो' म्हणणाऱ्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोघीसुद्धा नाहीत! स्तनांच्या तपासणीला ०.९ टक्के, तोंडाच्या तपासणीलाही तेवढ्याच. दुसरीकडे २०२२ या एका वर्षात भारतात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू, असा जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

परळच्या डॉक्टरांनी काय केलं?

'या बायका तपासायला येतच नाहीत' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हणालाही असाल. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते मुंबईच्या झोपडपट्ट्यांत खोटं पाडलंय.

१९९८ मध्ये सुरू झालेला हा अभ्यास. मुंबईतल्या वस्त्यांचे २० गट, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. त्यातल्या निम्म्या गटांत दर दोन वर्षांनी तपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणार कोण? डॉक्टर नव्हेत, नर्सही नव्हेत. किमान दहावी झालेल्या स्थानिक बायका, ज्यांना चार आठवड्यांचं ट्रेनिंग दिलं होतं. त्या घरोघर जायच्या, माहिती सांगायच्या आणि तपासणी वस्तीतच व्हायची. गर्भाशयमुखाची व्हीआयए आणि हाताने स्तनांची तपासणी, दोन्ही.

बोलावलेल्यांपैकी किती आल्या असतील? ८९ टक्के! डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी २०१३ मध्ये शिकागोच्या कॅन्सर परिषदेत निकाल मांडले. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. लॅब नाही, मोठं मशीन नाही. आम्ल, टॉर्च आणि ओळखीची बाई. स्तनांच्या तपासणीचे २० वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले. कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूत तसा फरक दिसला नाही, हेही तितकंच खरं.

अशीच दुसरी गोष्ट मराठवाड्यातली. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांत काम केलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काहींची एचपीव्ही चाचणी, काहींची पॅप, काहींची व्हीआयए. २००९ मध्ये निकाल छापून आले. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. आज जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण बायकांना तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते आणि तिचा नमुना बाईने स्वतःच घेतला तरी चालतो, असं म्हणते. त्यामागच्या पुराव्यांत आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरी बायकांचाही वाटा आहे.

या गोष्टीची एक कडू बाजूही आहे. फरक मोजायचा, तर एका गटाची तपासणी करायची नाही, असं या अभ्यासांचं गणित होतं. मुंबईत ७६,१७८ आणि उस्मानाबादमध्ये ३१,४८८ बायका त्या दुसऱ्या गटात होत्या. पॅप टेस्टचा उपयोग जगाला आधीच ठाऊक असताना हे योग्य होतं का, यावर नंतर मोठा वाद झाला. देशात कुठेच तपासणी मिळत नव्हती, तेव्हा त्यांना जे एरवी मिळालं असतं तेच मिळालं, असं संशोधकांचं म्हणणं. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. तपासणी न झालेल्या बायकांच्या मृत्यूंशी तुलना करूनच आपल्याला हे ज्ञान मिळालंय. ते वापरायचं नाही, हा त्या बायकांवर दुसरा अन्याय.

सरकारी कागदावर सगळं आहे

वापरायचं नाही, असं सरकारचंही म्हणणं नाही. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक चौकटीनुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी गर्भाशयमुख, स्तन आणि तोंड अशी तपासणी व्हायला हवी. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. स्तनात गाठ आहे का, पाळी बंद झाल्यावर रक्त जातं का, तोंडात न भरणारी जखम आहे का, तंबाखू-मशेरी लावता का? पुढची तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, फुकट. मोहिमाही येतात. २०२२ च्या नवरात्रात महाराष्ट्रात 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' झाली, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये देशभर 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार'. मांडव पडतो, बॅनर लागतो, फोटो निघतात.

पण बाई निरोगी असताना तपासायची, दर पाच वर्षांनी तपासायची आणि काही दिसलं तर लगेच पुढे न्यायची, ही साखळी आहे. शिबिर ही तिची फक्त पहिली कडी. मावशींची चिठ्ठी दुसऱ्या कडीपाशी तुटली होती. मुंबईच्या अभ्यासातही, दारापर्यंत माणसं जात असताना, तपासणीत काही आढळलेल्यांपैकी पुढच्या खात्रीच्या तपासणीला पोचल्या ७९ टक्के. मग ज्यांच्या मागे कुणीच नाही, त्यांचं काय होत असेल?

दहिवलीचा हिशोब

कर्जत स्टेशनला उतरायचं, दिवाडकरांचा वडा खायचा, उल्हास नदीवरचा पूल ओलांडायचा, की दहिवली. तुमच्यातले बरेच जण इथे येऊन गेले असतील. पावसाळ्यात धबधब्याला, किंवा एखाद्या फार्महाऊसवर बर्थडे पार्टीला. तिथली पिठलं-भाकरी ज्या हाताची होती, ती बाई तुम्हाला आठवते?

तिच्या बाजूने हिशोब मांडून बघा. मोठ्या रुग्णालयात जायचं म्हणजे सकाळी लोकल पकडायची, केसपेपरच्या लाइनीत उभं राहायचं, नंबर लागेपर्यंत दुपार. अख्खा दिवस गेला, म्हणजे खाडा. त्यात पाळी आली तर तपासणी होतच नाही, दिवस फुकट. बरोबर कोण येणार? 'कसली तपासणी?' असं घरी विचारलं तर काय सांगणार? 'पिशवीचं तोंड' हा शब्द नवऱ्यासमोर, सासूसमोर उच्चारायचा कसा?

वाड्यांवर हिशोब आणखी वेगळा. कर्जत-खालापुरातली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत शिबिर लावलं, तर त्या बायका गावातच नसतात. जुलैत लावलं, तर लावणी. त्यांच्यासाठी भात कापून झाल्यावर आणि भट्टीवर जायच्या आधी थोडेच दिवस मोकळे असतात. तारीख ठरवणाऱ्याला हे माहीत असेल, तरच ती तारीख खरी.

आता माझा हिशोब. मी मावशींना विचारलं, 'सात महिन्यांत एक दिवस काढून जायचं ना!'

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, 'महिन्याला दोन सुट्ट्या ना ताई. एक पोराच्या शाळेत गेली, एक गावाला. तिसरीचे पैसे कापता तुम्ही.'

चार घरची कामं करतात त्या. खाडा कापणाऱ्या घरांत एक घर माझं होतं. तो नियम मीच केला होता, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला तेव्हा अकरा जणींनी अंगठा दिला होता. मी तेव्हा महिलांच्या आरोग्यावर एका मासिकासाठी लिहीत होते, हे सांगायलाही लाज वाटते.

तीन फेऱ्या

पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशींची पाळी दोन दिवस आधी आली. परत. दुसऱ्यांदा गेलो तर ज्या डॉक्टरांकडे ही तपासणी होते, त्या त्या दिवशी नव्हत्या. परत. मी वैतागले. मावशी शांत होत्या, त्यांना याची सवय आहे. परतीच्या लोकलमध्ये त्या म्हणाल्या, 'एकटी असते तर आता परत आले नसते.' इतकंच.

तिसऱ्या फेरीला काम झालं. दुर्बिणीसारख्या उपकरणाने डॉक्टरांनी बघितलं. कॅन्सर नव्हता. पेशींमध्ये सुरुवातीचा बदल होता. तिथल्या तिथे उपचार झाला. मावशींच्या शब्दांत सांगायचं तर 'चटका बसल्यासारखं झालं, पण पोळीच्या तव्याइतका नाही'. डॉक्टरांनी नीट मराठीत समजावलं आणि शेवटी सांगितलं, वर्षाने पुन्हा दाखवायला या.

एकूण खर्च? तिघांचे चहा, रिक्षा, लोकलची तिकिटं. आणि तीन दिवस. ते तीन दिवस ज्याच्याकडे आहेत तो वाचतो, एवढी साधी ही गोष्ट आहे.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही डॉक्टर नाही, मंत्री नाही. पण तुमच्याकडे स्मार्टफोन आहे, थोडा पैसा आहे आणि इंग्रजी वाचता येतं. एवढ्यात बरंच होतं.

• पगारी सुट्टी द्या. तपासणीचा दिवस, पुढच्या फेरीचा दिवस, दोन्ही. पाच वर्षांतले दोन-तीन दिवस. आपल्याला ऑफिस देतं, तसंच.

• तारीख तुमच्या फोनमध्ये टाका. गर्भाशयमुख, स्तन, तोंड, दर पाच वर्षांनी. उपचार झाला असेल तर वर्षाने. पाळीचे दिवस सोडून.

• जवळची आशाताई शोधा. उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात तपासणी कोणत्या दिवशी होते आणि काही आढळलं तर पुढे कुठे पाठवतात, हे आधीच विचारून घ्या. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

• चिठ्ठी वाचून दाखवा. आणि तिचा फोटो काढून तिच्याच मोबाइलमध्ये ठेवा. कागद हरवतात.

• बरोबर जा, किंवा कुणाला तरी पाठवा. शेजारची, बहीण, बचतगटातली मैत्रीण. दोघी-तिघी एकत्र गेल्या तर लाजही वाटून घेतली जाते.

• जबरदस्ती नको. तपासणी ही कामाची अट नव्हे. रिपोर्ट तिचा आहे, तो बिल्डिंगच्या ग्रुपवर यायचा नाही. 'नाही' म्हणाली तर तिचं ऐका, आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारा.

• लक्षणं असतील तर पाच वर्षांची वाट बघायची नाही. स्तनात गाठ, पाळी सोडून इतर दिवशी किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त जाणं, शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, तोंडातली न भरणारी जखम यातलं काहीही असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. अंगावर काढायचं नाही.

• उपचाराची भीती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल सांगा. कॅन्सरचे अनेक उपचार तिच्यात बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड तयार ठेवायला सांगा.

• तिच्या मुलीसाठी लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस २०२३ मध्ये आली. लस मुलीचं पुढचं आयुष्य सांभाळते, आईची तपासणी मात्र चुकत नाही. आणि लस घेतलेल्या मुलीचीही तिशीनंतर चुकणार नाही.

आणि हो, हा लेख वाचणारी तू जर तिशी ओलांडलेली असशील आणि कंपनीच्या पॅकेजमधलं ते 'गायनॅक कन्सल्टेशन' दरवर्षी स्किप करत असशील, तर शंभरातल्या त्या अठ्ठ्याण्णव जणींत तूही आहेस. पैसा आणि सुट्टी असूनही!

आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आता नवा नियम आहे. तपासणीची सुट्टी कापायची नाही. यावेळी अंगठे सातच आले, पण आले. मावशींच्या घरी भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर दुधाचा हिशोब असतो, गॅसची तारीख असते, चारही घरचे खाडे असतात. नवं कालनिर्णय आलं तेव्हा त्या ते आमच्याकडे घेऊन आल्या. मी पान उलटून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेभोवती लाल पेनने गोल केला.

मावशींनी तो नीट बघितला. म्हणाल्या, 'ताई, बाजूला लिहा ना. खाडा नाही, असं.'

मी लिहिलं.